अळवाची टाकी

१

मानस बेहेरे सकाळी उठला की देवाला नमस्कार करायच्या आधी टाकीपाशी जायचा. "झालं का अळूमातेचं दर्शन?" असं त्याची बायको स्वानंदी विचारायची, आणि तो ब्रश तोंडात तसाच ठेवून हातानेच तिला 'थांब' म्हणायचा. मीटर पाण्यात बुडवल्यावर आकडा स्थिर होईपर्यंत बोलायचं नाही, हा त्याचा स्वतःचा नियम होता. मीटरला काही कान नसतात. पण माणसाला एखादं वेड लागलं की त्याचं सोवळंही मागोमाग येतंच.

टाकी म्हणजे गुडघ्याएवढं काळं प्लास्टिकचं पिंप. झाकणाला भोकं, भोकांत जाळीचे कप, कपांत भाजलेल्या मातीच्या गोळ्या आणि त्यांत अळवाची रोपं. मुळं खाली पाण्यात सोडलेली. एक छोटा पंप पाण्यात हवा सोडायचा, त्याची बुडबुड दिवसभर चालायची. वर जांभळट दिवा. आईच्या खोलीला लागून काचेने बंद केलेली बाल्कनी होती, तिथे हा सगळा संसार मांडलेला. खताच्या दोन बाटल्या पाण्यात घालायच्या आणि पाण्याचा पीएच, म्हणजे आंबटपणा, पाच पूर्णांक आठच्या आसपास राखायचा. तेवढं जमलं की अळूला मातीची गरज नाही.

पण ते जमवणं हीच खरी तपश्चर्या. गुरुग्रामचं पाणी पाणी नव्हेच, पातळ केलेला चुना. रात्री पाच-आठवर आणून ठेवलं की सकाळी सातच्या घरात गेलेलं असायचं. मग आम्लाच्या बाटलीतून थेंब टाका, ढवळा, थांबा, पुन्हा मोजा. हे रोजचं होतं आणि खरं सांगायचं तर मानसला ते आवडायचंही.

हा खटाटोप कशासाठी? तर आईसाठी. कुमुदिनीबाई बेहेरे, वय पंचाहत्तरीच्या पुढे, देवरुखजवळच्या गावात एकट्या. श्रावणात न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पाय घसरून पडल्या आणि शेजारचा दामू दूध घालायला येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. हाड मोडलं नाही, ही देवाची कृपा. पण आई ओल्या फरशीवर पडून छताकडे बघते आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की मानसला भर मीटिंगमध्ये घाम फुटायचा. गणपती उरकल्यावर तो स्वतः गेला, घराला कुलूप लावलं आणि आईला विमानात घालून घेऊन आला.

आईने अट घातली होती. "दिवाळीपर्यंत राहते. नाही रुळले तर तुळशीच्या लग्नाला मला माझ्या अंगणात पोचवायचं. शब्द दे."

त्याने दिला. न देऊन सांगतो कुणाला!

आणि आई काही रुळेना. डाळ शिजत नाही, चहावर तवंग येतो, केस काथ्यासारखे झाले, पाणी गळ्याखाली उतरत नाही. एका रविवारी तो तिला कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याच्या अतिथिगृहात थालीपीठ खायला घेऊन गेला. आईने चवीने खाल्लं, पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला. "थालीपीठ छान आहे हो. पाणी मेलं तेच."

"अगं, पळसाला पानं तीनच. पाणी सगळीकडे सारखंच," मानस म्हणाला.

"असं तुला वाटतं," आई म्हणाली.

मग त्याने तिच्यासाठी हे अळू लावलं. गावाकडचं काहीतरी रोज डोळ्यांसमोर असलं तर जीव रमेल, एवढाच हिशेब.

नवरात्रातल्या एका सकाळी त्याने मीटर बुडवलं. पाच पूर्णांक आठ. रात्री ठेवलं होतं तिथेच, रेसभरही हललेलं नाही.

वास्तविक आनंद व्हायला हवा होता. मानसला मात्र कोणीतरी आपल्या आधी येऊन काम उरकून गेल्यासारखं वाटलं.

२

आधी मीटरवर संशय घेणं भागच होतं. मीटर तपासायला ठरावीक आंबटपणाच्या पाण्याच्या पुड्या मिळतात. त्याने त्या फोडल्या, मीटर बुडवलं, आकडे चोख आले. नळाखाली धरलं, नळाचं पाणी नेहमीसारखंच आठच्या वर. टाकीत धरलं, पाच-आठ. दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच.

"तू टाकीत काही घातलंस का?" त्याने स्वानंदीला विचारलं.

"मी? तुझ्या त्या प्रयोगशाळेला हात लावून मला माझा संसार मोडायचा नाहीये." ती लॅपटॉपची बॅग खांद्याला लावत होती, कॅब खाली येऊन थांबली होती. "आईंना विचार. दुपारभर त्या तिथेच असतात."

आईला विचारल्यावर ती जरा ओशाळली. पदराशी चाळा करत म्हणाली, "रागावू नकोस. गडूतलं पाणी ओतलं मी त्यात."

"कुठला गडू?"

तेव्हा त्याला कळलं की आई येताना सुटकेसमध्ये साड्यांच्या मधोमध तांब्याचा गडू घेऊन आली होती. तोंडाला कापड, त्यावर मेण. आत परसातल्या विहिरीचं पाणी. बेहेऱ्यांकडची ही जुनी रीत. घरचं माणूस लांब राहायला निघालं की विहिरीचं पाणी बरोबर न्यायचं आणि जिथे जाईल तिथल्या साठवणीच्या पाण्यात ओतायचं. म्हणजे परकं पाणी बाधत नाही. तिला तिच्या सासूने सांगितलेलं.

"अगं, पण मग पिण्याच्या पाण्यात ओतायचंस!"

"कुठे ओतू? तुमचं पाणी त्या भिंतीवरच्या मशीनमधून येतं. नळाचं कुठून येतं देव जाणे. घरात भरून ठेवलेलं पाणी म्हणून हे एकच पिंप सापडलं मला. म्हटलं, हेच असेल घरचं पाणी."

मानस हसला. मनापासून हसला. एवढ्या पिंपात एक गडू म्हणजे दर्या में खसखस. त्याने पीएच बदलायचं काही कारण नाही, आणि बदललाच तर तो टिकायचं तर मुळीच नाही. ऑफिसला जाताना लिफ्टमध्ये मात्र त्याच्या डोक्यात आलं, की कारण नाही हे खरं, पण टिकलाय.

संध्याकाळी त्याने दुसरं मीटर लावलं, पाण्यात क्षार किती हे दाखवणारं. खताच्या पाण्यात आकडा चांगला हजाराजवळ हवा. आला जेमतेम पन्नास. म्हणजे खत नाही, चुना नाही, काहीच नाही. नुसतं स्वच्छ, रिकामं पाणी. आणि त्या रिकाम्या पाण्यावर अळवाची पानं ताटाएवढी झाली होती.

हे झाड खातंय काय? असा एक प्रश्न त्याच्या मनात येऊन गेला. त्याने तो बाजूला ठेवला.

३

त्याच आठवड्यात आईची डाळ शिजली.

नुसती शिजली नाही, लोण्यासारखी मऊ झाली. आमटीला गावचा रंग आला. चहावरचा तवंग गेला. आई सकाळी गुणगुणायला लागली, आणि स्वानंदी मानसच्या कानाशी लागून म्हणाली, "काय जादू केलीस रे? काल मला स्वतःहून म्हणाल्या, की इथे बरं वाटतंय."

मानसचा ऊर भरून आला. शब्द दिल्यापासून छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलल्यासारखं झालं. त्या दिवशी त्याने ऑफिसातून येताना आईसाठी शेवंतीची फुलं आणली.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला टाकीतून कळशी भरताना पाहिलं.

"आई! अगं, ते प्यायचं पाणी नाही! त्यात खतं आहेत!"

"काही नाही त्यात," आई शांतपणे म्हणाली. "गोड आहे. मी रोज हेच घेते."

तिने ओंजळ पुढे केली. मानसने नको नको म्हणत ओठ लावले, आणि त्याच्या जिभेला लहानपण आठवलं. गार, किंचित लोखंडी, शेवटी एक गोडसर चव. आपण काय केलं हे कळून त्याने घाईघाईने तोंड पुसलं.

त्याचा मित्र विक्रांत ओखल्याला एका पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होता. घराणं मूळचं साताऱ्याचं, पण त्याचे आजोबाच करोल बागेत जन्मलेले. मानसने त्याला बाटली भरून पाठवली. दोन दिवसांनी फोन आला.

"यार, ये सॅम्पल तू कुठून उचललास?"

"घरून. माझ्या अळवाच्या टाकीतलं."

"मजाक मत कर. हे एनसीआरचं पाणी बिल्कुल नाही. आपल्याकडे एवढं सॉफ्ट पाणी जमिनीतून येतच नाही. हे त्या तुमच्या कोकणातल्या लाल दगडातलं आहे. काय म्हणतात त्याला?"

"जांभा."

"हां, वही. थोडं आंबट, क्षार नाहीत, जरासं लोह. एकदम फ्रेश विहीर आहे. प्यायला काही हरकत नाही. पण भाई, तू मला हे गावाहून आणून देतोयस आणि टाकी-टाकी करतोयस ना?"

"हो," मानस म्हणाला. दुसरं काय सांगणार?

प्यायला हरकत नाही, हे मात्र त्याने दोनदा वदवून घेतलं. आई आनंदात होती. पाणी चांगलं होतं. मग आपल्याला नक्की कशाची भीती वाटते आहे, हे त्याचं त्यालाच सांगता येईना.

४

रविवारी आई आणि स्वानंदी दिवाळीच्या खरेदीला खाली गेल्या, तेव्हा त्याने एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा ठरवलं. रोपांसकट झाकण उचलून बादलीवर ठेवलं. टाकीतलं पाणी मग्गा मग्गा करून बाथरूममध्ये ओतलं. तळाला उरलेलं फडक्याने टिपून घेतलं, फडकं पिळलं, पुन्हा टिपलं. काळा, कोरडा तळ त्याने स्वतः हात फिरवून पाहिला. मग सोसायटीच्या नळाचं पाणी भरलं. मीटर लावलं, आठच्या वर. क्षार भरमसाट. शाब्बास, असंच हवं. झाकण ठेवलं आणि तो आंघोळीला गेला.

अंग पुसून आला आणि पुन्हा मोजलं.

पाच पूर्णांक आठ. क्षार पन्नास. पाणी इतकं गार की हाताला काटा आला.

कोणी आलेलं नव्हतं. दाराला आतून कडी होती. तो खाली बसला आणि पंपाची बुडबुड ऐकत राहिला. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं, की टाकी रिकामी करताना त्याने पंपाचं बटण बंद केलं होतं आणि ते अजून बंदच आहे.

तेवढ्यात दामूचा फोन आला. घराकडे लक्ष ठेवायला मानसने त्यालाच सांगितलं होतं.

"मानसदादा, एक विचारू? विहिरीत काही औषध-बिवषध टाकून गेलात का?"

"नाही. का रे?"

"पाणी बिघडलं हो. भरलीय काठोकाठ, पण चवच गेली. चुन्यासारखं लागतं. माझी बायको म्हणते डाळच शिजत नाही त्यात. पिढ्यान्‌पिढ्या प्यायलो, असं कधी झालं नव्हतं." मग म्हणाला, "काकींना सांगू नका. उगाच जीवाला लावून घेतील."

मानसने काकींना सांगितलं नाही. सांगायची सोयच राहिली नव्हती, कारण आई गावाचं नावच काढेनाशी झाली होती. पूर्वी दिवसातून दहादा घर, अंगण, रातांबे चालायचे. आता विषय काढला तरी ती नुसती हसायची. एकदा त्याने मुद्दाम विचारलं, "आई, आपल्या परसात विहिरीवर झुकलेलं झाड कुठलं गं?" आई विचारात पडली. कपाळाला आठ्या घातल्या. शेवटी म्हणाली, "असेल काहीतरी. तुला भूक लागलीय का?"

आणखीही होतं. आईचे केस कधी वाळत नव्हते. बोटांची टोकं दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. बांगड्या मनगटावरून निघून कोपरापर्यंत सरकायला लागल्या. स्वानंदीच्याही ते लक्षात आलं. "आई वाळल्यात रे. जेवतात तर नीट. डॉक्टरांना दाखवू या." डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही सापडलं नाही. म्हणाले, आंटीजी तो फर्स्टक्लास हैं.

आणि अळू माजलं होतं. देठ मनगटाएवढे. आई त्यांना हात लावू देत नव्हती, मग वडी तर दूरच राहिली. रिकाम्या पाण्यावर झाड वाढतंय आणि भरल्या ताटावर आई वाळतेय. मानस इंजिनिअर होता. या दोन गोष्टींच्या मधे रेघ ओढायची नाही, असं तो स्वतःला बजावत होता. रेघ आपली आपणच ओढली जात होती.

५

टाकी फेकून दिली असती, तर आईने हंबरडा फोडला असता. रोपं उपटली असती, तर ती त्याच्याशी बोलली नसती. त्याने मधला मार्ग काढला. मधले मार्ग काढायची आपल्याला सवयच असते. आम्ल जरा जास्त पडलं, की मुळं जळतात आणि रोप आपोआप माना टाकतं. आई हळहळेल, पण बोल कुणाला लावणार नाही. झाडंच ती, मरतात कधी कधी.

वसुबारसेच्या दिवशी तो घरून काम करत होता. दुपारची वेळ, बाहेर धुरकट ऊन. आई स्वयंपाकघरात लाडू वळत होती. त्याने आम्लाची बाटली उघडली आणि टोपणभर आम्ल पाण्यात ओतलं. मऊ पाण्यात आम्लाला आवरणारे क्षार नसतात, त्यामुळे आकडा भसकन कोसळला. पाच. चार. साडेतीन.

स्वयंपाकघरातून परात पडल्याचा आवाज आला.

तो धावत गेला. आई ओट्याला धरून उभी होती, दुसरा हात गळ्यावर. "जळतंय," ती म्हणाली. "मानस, आतून जळतंय रे." ओठ पांढरे पडले होते. त्याने पाणी दिलं, ते तिच्या घशाखाली उतरेना. त्याने तिला जमिनीवर बसवलं, स्वानंदीला फोन लावला, अँब्युलन्सचा नंबर शोधायला लागला. आणि बोटं फोनवर फिरत असतानाच डोक्यात एक वेडगळ विचार आला. तो उठला, बाल्कनीत गेला, आम्ल मारायची दुसरी बाटली उघडली आणि टाकीत ओतली.

चार. साडेचार. पाच.

"हुश्श," आईचा आवाज आला.

पाच-आठ. तो परत गेला तर आई पदराने वारा घेत होती. "पित्त खवळलं वाटतं. बेसन कच्चं चाखलं ना मघाशी. ती परात उचल आधी, लाडू वाया जातील."

मानसने परात उचलली. पित्त. असेल. पंचाहत्तरीच्या बाईला पित्त होणारच. किंवा तिने टाकीतलंच पाणी नुकतं प्यायलं असेल. पण कळशी तर सकाळी भरलेली होती, आम्ल आत्ता पडलं. मग योगायोग. योगायोग म्हणायला एकदा पुरतं, पण एकदा घडलेल्याने काहीच सिद्ध होत नाही. हे त्याला कॉलेजात शिकवलं होतं. खात्री करायची तर पुन्हा करून बघावं लागतं.

त्याने तसं करायला नको होतं. हे त्यालाही कळत होतं. तरीही तो पुन्हा टाकीशी गेला आणि फक्त काही थेंब टाकले.

आत आई खोकली.

त्याने दुसऱ्या बाटलीतले थेंब टाकले. खोकला थांबला.

पुन्हा आम्ल. पुन्हा खोकला, या वेळी जरा कण्हण्यासारखा. तो खोकला संपेपर्यंत मानस हातात बाटली घेऊन उभा होता आणि रडत होता. चौथ्यांदा करायला हात धजावला नाही. स्वतःच्या आईवर प्रयोग केला होता त्याने, आणि प्रयोग यशस्वी झाला होता.

६

त्या दिवसापासून पाणी आपलं आपण सावरेनासं झालं. आकडा पुन्हा वर चढायला लागला. रोज सकाळी सातच्या घरात, आणि रोज सकाळी आई अंथरुणात सुस्त, डोळे जड, जीभ कोरडी. मानस उठायचा, थेंब टाकायचा, ढवळायचा. पाच-आठ आलं, की आत बांगड्या वाजायच्या आणि आई चहाला उठायची.

खताचंही त्याने भीत भीत करून पाहिलं. दोन्ही बाटल्यांतलं माप पाण्यात घातलं. चार-पाच दिवसांत आईच्या गालांवर तेज आलं. बांगड्या मनगटावर बसल्या. स्वानंदी म्हणाली, "बघ, हवा मानवली त्यांना." मानसने मान डोलावली. तिला काय सांगायचं आणि कुठून सुरुवात करायची, हेच त्याला कळत नव्हतं. सांगताना आपण वेडे ठरू याची त्याला भीती नव्हती. तिला खरं वाटलं तर तीही त्या बाटल्यांना हात लावेल, ही भीती होती.

दिवाळी झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिघं चहा घेत असताना स्वानंदीने विषय काढला. तिच्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा पुण्यात होता. "आपण तिघंही जाऊ. तिथून आईंना गावी एक चक्कर मारू. तुळशीचं लग्न लावून परत येऊ. तू शब्द दिला होतास ना?"

"मला नाही जमणार," मानस म्हणाला.

"चार दिवस! ऑफिसला सांग की."

"ऑफिसचं नाही गं. टाकी... पाण्याकडे कोण बघणार?"

स्वानंदीने कप खाली ठेवला. "मानस, अळू आहे ते."

"जाऊ दे गं," आई मधेच म्हणाली. "मला कुठे जायचंय? मी रुळले इथे. मला आता गावचं काहीच आठवत नाही बघ. मी नाही जात कुठे."

हेच ऐकायला तो केवढा आसुसला होता. आता आई कधीच ओल्या फरशीवर एकटी पडणार नव्हती. ती कायमची त्याच्या घरात होती, आणि तोही. यापुढे रोज सकाळी, आजारी असो, थकलेला असो, म्हातारा होवो, त्यालाच उठावं लागणार होतं. "बरं झालं," तो म्हणाला, आणि उठून बाल्कनीत गेला.

स्वानंदी रागाने आवरून निघून गेली. आई कप विसळायला स्वयंपाकघरात गेली. नळाचा आवाज येत होता, कपबशा वाजत होत्या.

मानसने मीटर लावलं. सहाला थोडं कमी. ठीक होतं, पण मुळं कशी आहेत हे त्याने आम्ल टाकलं त्या दिवसापासून पाहिलंच नव्हतं. धीरच झाला नव्हता. त्याने रोपांसकट झाकण दोन्ही हातांनी उचललं.

मुळं जळली नव्हती. दाट झाली होती, लांब, पांढरी, बारीक. पाण्यात सगळीकडून पसरलेली आणि हळूहळू एकीकडे वाहत असल्यासारखी हलणारी. खिडकीतून आलेलं सकाळचं ऊन सरळ टाकीत पडलं. मुळं जरा विलग झाली. त्यांच्या खाली, हातभर पाण्यात, काहीतरी फिकट होतं. त्याला कपाळासारखी गोलाई होती. ऊन त्याच्यावर पोचलं, आणि खाली कोणीतरी घट्ट पापण्या मिटल्या.

"मानस," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. कपबशा अजून वाजत होत्या. "झाकण लाव बाळा. डोळ्यांवर ऊन येतंय माझ्या."

मानसने झाकण लावलं. मुळं चेमटणार नाहीत अशा बेताने, हळूच, चारी बाजूंनी दाबून बसवलं. मग तो तिथेच जमिनीवर बसला, मीटर उचललं आणि आम्लाच्या बाटलीतून पहिला थेंब टाकला.